मेघ ओसरतो आहे

ढग गुरगुरला की शेवंताबाई मारबते आधी घरातला विळा अंगणात फेकायच्या आणि मग सगळ्यांचे मोबाईल गोळा करायच्या. एकेक बंद करायचा, पिठाच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा, वरून झाकण दाबायचं. आकाश मोकळं झालं की डबा उघडायचा. मांडवघाटात घरोघरी हेच चाले. चालू मोबाईल वीज ओढतो हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

त्यांची धाकटी लेक आचल नागपूरहून सुट्टीला आली की यावरून एक लुटुपुटूचं भांडण ठरलेलं असे.

“माय, मोबाईल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावला असला तर तार काढ, तेवढं बरोबर आहे. नुसता मोबाईल काही करत नाही.”

“तू विजेले विचारून आली काय?”

“विचारूनच आली. तेच तर काम आहे माझं.”

“मग तिले सांग, शेवंताच्या घराकडं पाहू नको. लोकेश, आण तुझा.”

थोरला भाऊ लोकेश हसत मोबाईल देऊन टाकी. पीठ लागलेले मोबाईल पुसायचं काम त्याच्या बायकोकडे, करुणाकडे असे. “नंदबाई, विजेचं राहू द्या,” ती म्हणे, “पोळ्यांमध्ये बॅटरीचा वास येते, त्याचं काही करा.”

आचल ज्या केंद्रात काम करायची, तिथं विजा मोजून पावसाचा अंदाज बांधत. ऐकायला विचित्र वाटतं, पण समजायला कठीण नाही. उंच वाढलेल्या ढगाच्या वरच्या भागात बर्फ असतो. बर्फाचे हलके कण वाऱ्याबरोबर वर चढतात, जड मऊ गारा खाली घसरतात आणि वाटेत दोघांची सारखी घासाघीस होते. कंगव्यानं कोरडे केस विंचरून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे उडी मारून त्याला चिकटतात. तसाच विद्युतभार या घासण्यातून ढगात साठतो. फार साठला की वीज चमकते. म्हणजे ढगात बर्फ जितका जास्त, तितक्या विजा जास्त. आणि तोच बर्फ वितळून पाऊस होऊन खाली येतो. एका विजेमागे किती पाणी, हे मात्र जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतं. वैशाखातला ढग विजा उधळतो आणि पाणी हात राखून देतो. श्रावणातल्या ढगाचं बरोबर उलटं. हा हिशोब बसवता बसवता केंद्रातल्या मंडळींची बरीच वर्षं गेली होती.

आता विजा मोजायच्या कशा? जुन्या रेडिओवर गाणं लागलेलं असताना वीज चमकली की खर्र असा आवाज यायचा. प्रत्येक वीज रेडिओलहरींची एक हाक मारते, तीच ही खरखर. नव्या मोबाईलांमध्ये ही हाक ऐकणारा एक बारीक कान बसवलेला असे. मोठ्या मैदानात चार मित्र चार कोपऱ्यांत उभे करा आणि मध्येच कुठं तरी फटाका फोडा. कोणाला आवाज आधी आला, कोणाला नंतर, एवढ्यावरून फटाका कुठं फुटला ते काढता येतं. वीजही तशीच शोधत. निदान चार मोबाईलांनी ऐकली तरच ती खरी धरायची. कारण शेजारी मोटारपंप सुरू झाला तरी एखाद्या मोबाईलला खरखर ऐकू येते.

सातपुड्याच्या कुशीतल्या गावांना याची फार गरज होती. डोंगराआडचा पाऊस रडारला दिसत नाही, आणि पर्जन्यमापकं दोन-तीन गावांत मिळून एक. पण मोबाईल घरोघरी होते. नागपूरच्या पडद्यावर प्रत्येक मोबाईल एक ठिपका होऊन दिसे, आणि प्रत्येक वीज एक पांढरी फुली.

देवथडी नदी त्या डोंगरांतून उतरते आणि मांडवघाटाशी येईपर्यंत रुंद, वाळूची होते. उन्हाळ्यात पाणी एका कडेला सरकलं की ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं वाळूत उतरतात. वाळूत चर खणायचे, त्यात शेणखत भरायचं आणि टरबुजाच्या वेली लावायच्या. याला डांगरवाडी म्हणतात. वेली सांभाळायला माणसं तिथंच गवताची खोपडी बांधून राहतात; चूल, पाण्याचा माठ, पिठाचा डबा, सगळा संसार वाळूत. वैशाखात वरती डोंगरात ढग फुटला, तर कोरड्या नदीतून तासाभरात पाणी येऊन पोचतं. आचलचे वडील त्या पाण्यात गेले, तेव्हा ती सातवीत होती. पुढं ती काय शिकली आणि का शिकली, हे वेगळं सांगायला नको.

केंद्रानं देवथडीच्या काठावर सहा खांब उभे केले. खांबाच्या डोक्यावर दिवा. हिरवा असेल तर काम करा, पिवळा झाला तर सामान बांधा, लाल झाला तर हातातलं टाकून वर या. मांडवघाटाचा खांब बसला त्या दिवशी आचलनं सगळ्यांना वाळूत बसवून हे समजावलं, आणि शेवटी एक गोष्ट प्रत्येकाकडून म्हणवून घेतली : “दिवाच विझलेला दिसला, तर लाल समजायचं.”

“म्हणजे पोळी नाही दिसली तर जेवलो समजायचं,” शेजारच्या वाडीचे नथ्थूबाबा दिघोरे म्हणाले. सगळी वाडी हसली. आचलही हसली, पण त्यांच्याकडून तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं.

पहिल्याच उन्हाळ्यात खांब एकदा लाल झाला. अख्खी वाडी पोरंबाळं घेऊन काठावर आली आणि रात्रभर तिथंच बसून राहिली. पाणी आलंच नाही. वाळूत कोणी नाही हे ओळखून रानडुकरं आली आणि पिकलेली टरबुजं फोडून गेली. झालं होतं असं, की डोंगरातल्या टॉवरच्या जनरेटरचं डिझेल संपलं. शेकडो मोबाईल पडद्यावरून एकदम नाहीसे झाले आणि यंत्र घाबरलं. लोकेश त्यानंतर बहिणीशी महिनाभर बोलला नाही. आचलनंच मग केंद्रात आग्रह धरून नियम करून घेतला : गप्प झालेल्या मोबाईलांना यंत्रानं मोजायचं नाही. जे ऐकताहेत, त्यांचंच खरं मानायचं. “दादा, आता यंत्र सुधारलं,” तिनं घरी येऊन सांगितलं. “आता ते घाबरणार नाही. कोणी काही सांगो, खांबाकडं पाहून चालायचं.”

तेव्हापासून वाडी खरंच खांबाकडे पाहून चालू लागली.

पुढच्या वैशाखातली ती दुपार. आचल पडद्यासमोर बसली होती. वर डोंगरात, सालईटोला गावावर ढग चढत होता. पांढऱ्या फुल्यांचा नुसता सडा पडत होता. मांडवघाटाचा खांब पिवळा होईल म्हणून तिनं मोबाईल हातात घेतला, तेवढ्यात फुल्या विरळ झाल्या. मग अगदी तुरळक. यंत्रानं पडद्याच्या कडेला ओळ उमटवली : मेघ ओसरतो आहे.

“बरं झालं,” केंद्राच्या प्रमुख वैदेही उमरीकर मागे उभ्या होत्या. “नुसताच गाजला. वैशाखातला ढग.”

आचलनं घरी फोन लावला.

“बोल,” लोकेश म्हणाला. मागे टरबुजं ट्रॉलीत ठेवल्याचे आवाज येत होते. “शेवटची तोड चालू आहे. तुझ्यासाठी एक ठेवलं आहे, उचलाले दोन माणसं आण.”

“वर सालईटोल्याकडं ढग होता. ओसरून राहिला आहे, म्हणून सांगते.”

“दिसते इथून. काळं झालं आहे तिकडं. पण खांब हिरवा आहे, आम्ही निवांत आहोत. माय विचारते, गोमती मावशीकडं पाणी पडलं काय? लाव म्हणते तिले.”

गोमती मावशी म्हणजे शेवंताबाईंची सख्खी बहीण. सालईटोल्यात टॉवरजवळ तिचं घर. आचलनं फोन लावला. मोबाईल बंद आहे, असं उत्तर आलं. मावशीच्या मुलाला लावला. बंद. तिथल्या शाळेच्या बाईंचा नंबर होता, तोही बंद.

आचलच्या डोळ्यांसमोर सालईटोला आलं नाही. मावशीच्या घरातली फळी आली. त्या फळीवरचा पिठाचा डबा आला.

तिनं पडद्यावरच्या फुल्या पुसून टाकल्या आणि नुसते ठिपके लावले. मघाशी सालईटोल्याच्या खोऱ्यात ठिपक्यांची दाटी होती. आता तिथं कोरी जागा होती.

मोबाईल बटण दाबून बंद केला, तर बंद होण्याआधी तो टॉवरला एक छोटासा संदेश देतो, की आता मला शोधू नका. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तसाच हा निरोप. केंद्रातली मंडळी त्याला ‘येतो’च म्हणत. टॉवर मेला, तर मोबाईल एकदम नाहीसे होतात आणि कोणीच निरोप देत नाही. आचलनं निरोप काढून पाहिले. सालईटोल्यानं निरोप दिले होते. आधी डोंगराच्या अगदी अंगाशी असलेल्या घरांनी, मग मधल्या आळीनं, मग टॉवरजवळच्यांनी. एकामागून एक. ढग जसजसा पुढं सरकला, तसतसं गाव ‘येतो’ म्हणत गेलं होतं.

ढग ओसरला नव्हता. तो इतका भयंकर झाला होता, की त्याला ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “मांडवघाट लाल करा.”

उमरीकरांनी पडदा पाहिला. तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “यंत्र हिरवं म्हणतंय आणि आपण लाल करायचं, तर जिल्ह्याची परवानगी लागते. मागच्या वर्षीनंतर हे असं झालंय, तुला माहीत आहे. त्यांना दाखवू काय?”

“बंद मोबाईल.”

“ते मोजायचे नाहीत, हा नियम तुझाच आहे.” त्या रागानं बोलल्या नाहीत, बोलता बोलताच त्यांनी जिल्ह्याला फोन लावला होता. “तू घरी सांग. मी यांच्या मागे लागते.”

लोकेशनं फोन लगेच उचलला.

“दादा, वाडीतून निघा. सगळे. आत्ता.”

“आत्ताच तर म्हणाली, ओसरून राहिला.”

“ओसरला नाही. सालईटोल्यानं मोबाईल बंद केले, म्हणून यंत्राले ऐकू येऊन नाही राहिलं.”

“खांब काय म्हणते?”

“हिरवाच आहे. पण तू माझं ऐक.”

“कोणाचं ऐकू ते ठरव एकदा,” लोकेश म्हणाला. “मागच्या साली लाल म्हणाली, डुकरांनी वाडी खाल्ली. मग म्हणाली, कोणी काही सांगो, खांबाकडं पाहा. आता खांब हिरवा आहे तर तू लाल. ट्रॉली अर्धी भरली आहे, आचल.”

“बाबा गेले तेव्हाही वर असाच—”

फोनमध्ये मोठा गडगडाट झाला. ढगाची कड मांडवघाटापर्यंत आली होती. मागून शेवंताबाईंचा आवाज आला : “लोकेश, कानाले लावून काय उभा आहेस? आण इकडं. बंद कर आधी.”

“थांब माय, आचल आहे.”

“ती नागपुरात सुखात आहे. तू वाळूत उभा आहेस. आण.”

“माय, नको,” आचल म्हणाली. “माय, ऐक माझं—”

पडद्यावर मांडवघाटाच्या वाळूतला एक ठिपका विझला. त्याच्या जागी निरोप उमटला : येतो.

मग शेजारचा विझला. मग नथ्थूबाबांच्या वाडीतला. पाहता पाहता नदीचं सगळं पात्र पडद्यावर कोरं झालं. त्या कोऱ्या जागेत तिची आई होती, भाऊ होता, करुणा होती. आणि ज्या फोनवर हाक मारायची, ते पिठात पडले होते. यंत्रानं मांडवघाटावरही ओळ उमटवली : मेघ ओसरतो आहे.

लाल दिवा तिच्या हातात नव्हता. पण दुरुस्तीसाठी खांब बंद करण्याची मुभा कक्षातल्या कोणालाही होती. तिनं देवथडीचे सहाही खांब बंद केले.

नंतर करण्यासारखं काही नव्हतं. काठावर एक दिवा विझला असेल, एवढंच तिला माहीत होतं. तो कोणी पाहिला का, पाहून काय वाटलं, त्यांना खांब बसला त्या दिवशीचं वाळूतलं बोलणं आठवलं का, हे सांगणारा एकही ठिपका नव्हता. बॅटरी गेली म्हणून लोकेश पुन्हा टरबुजं उचलायला वळला असेल. मायनं खोपडीचं दार आतून बांधून घेतलं असेल. उमरीकर फोनवर कोणाला तरी तिसऱ्यांदा समजावत होत्या. जिल्ह्याची परवानगी आली, तेव्हा सालईटोल्याचं पाणी मांडवघाटाला पोचायची वेळ होऊन गेली होती. सहाही खांब लाल झाले. आचल पडद्यावर ठिपके शोधत राहिली.

उजेड कमी झाला. कोणी तरी कक्षातले दिवे लावले.

मग मांडवघाटात एक ठिपका आला. वाळूत नाही, काठावर. मागोमाग तिचा फोन वाजला.

“आहोत,” लोकेश म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. मागे नुसता पाण्याचा आवाज होता, भिंतीसारखा. “माय आहे. करुणा आहे. वाडी नाही.”

“दिवा कोणी पाहिला?”

“करुणानं. मी म्हणालो, बॅटरी गेली असल. मायनं काही ऐकलं नाही. म्हणाली, पोरीनं म्हणवून घेतलं होतं माझ्याकडून. डबा काखेत घेतला आन चालाले लागली.” तो थांबला. “सगळे आले. नथ्थूबाबा नाही आले. मी हाका मारल्या. म्हणाले, विझला तर विझला, लाल तर नाही झाला.”

सालईटोल्याचे ठिपके दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक करून उगवत राहिले. गोमती मावशीचा अगदी शेवटी आला.

केंद्रानं नियम बदलला. एखाद्या गावानं एकामागून एक ‘येतो’ म्हटलं, तर खांब आता पिवळा होणार होता. उमरीकरांनी तो कागद आचलपुढं सहीला ठेवला आणि म्हणाल्या, “हे टेकू लावल्यासारखं आहे. पिवळा कशासाठी झाला, हे बंद मोबाईलला कसं सांगायचं?” आचलनं सही केली.

नथ्थूबाबांच्या तेरवीला ती गावी गेली. जेवणं आटोपून घरी येईपर्यंत पश्चिमेला आभाळ भरलं होतं. लांब कुठं तरी गुरगुरलं. शेवंताबाईंनी विळा अंगणात फेकला, लोकेशचा, करुणाचा आणि आपला मोबाईल बंद करून डब्यात टाकला. आणि झाकणावर हात ठेवून त्या तशाच बसल्या.

“त्या दिवशी लोकेशच्या हातातून मोबाईल मी घेतला,” त्या म्हणाल्या. “तू बोलून राहिली होती.”

“हो.”

“काय म्हणत होती?”

“निघा म्हणत होती.”

करुणा भांडी घासायची थांबली. लोकेश उठून दारात जाऊन उभा राहिला.

“मोबाईल वीज ओढते काय?” शेवंताबाईंनी विचारलं. “थट्टा नको. खरं सांग.”

हे उत्तर आचलनं हजारदा दिलं होतं, हसत हसत दिलं होतं. या वेळी ‘ओढते, माय’ एवढंच म्हटलं असतं, तर आई आज रात्री झोपली असती. त्या दिवशी डबा लावला ते बरोबरच केलं, असं समजून जन्मभर झोपली असती. पण पुढच्या वैशाखात वाळू पुन्हा बहिरी झाली असती.

“नाही ओढत, माय.”

शेवंताबाई हळूहळू, बेरीज मांडावी तशा म्हणाल्या, “गोमतीच्या गावानं डबे लावले, म्हणून तुझं यंत्र बहिरं झालं. आम्ही डबे लावले, म्हणून तू मुकी झाली. आन नथ्थू विझलेल्या दिव्याखाली बसून राहिला.”

“माय, तुला कुठं माहीत होतं?”

“तू सांगत होतीस ना दर सुट्टीले.”

वीज चमकली. सगळ्यांच्या नकळत सगळ्यांनीच मनात आकडे मोजले. गडगडाट यायला वेळ लागला, म्हणजे ढग अजून लांब होता. शेवंताबाईंनी डब्यातून आपला मोबाईल काढला, पदरानं पुसला आणि बटण दाबून धरलं. पडदा उजळला.

“एकानं भागते काय?”

“नाही. निदान चार लागतात. चार वेगळ्या घरांतले.”

“मग उद्या पहिली मी नथ्थूच्या सुनेकडं जाईन,” त्या म्हणाल्या. “तिच्याही फळीवर डबाच होता. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापरीस माझ्याकडून कळलेलं बरं.”

पुन्हा चमकलं, आणि या वेळी आवाज लवकर आला. शेवंताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मोबाईल दोन्ही हातांत, छातीशी. दर कडकडाटाला त्या डोळे गच्च मिटत आणि त्यांचा अंगठा आपोआप बटणाकडे जाई. तिथं पोचून थांबे. आणि मग परत येई.